किन्नर साइड

आमच्या पिकअपला दोन दारं आहेत. उजवं ड्रायव्हर साइडचं, डावं किन्नर साइडचं. आमच्या भागातला कुठलाही गाडीवाला असंच बोलतो. टायर बसला की मेकॅनिकला फोनवर सांगतो, "किन्नर साइडचा मागचा गेला." आरसा फुटला तर किन्नर साइडचा, लाइट गेला तर किन्नर साइडचा. त्या डाव्या दारातून चढून त्या सीटवर मी अकरा वर्षं बसते आहे. मी सोबत आलेली बाई नाही. मी गाडीची किन्नर आहे, म्हणजे ड्रायव्हरची मदतनीस. हे लिहायला एक ओळ लागते. चारचौघांकडून वदवून घ्यायला मला बरीच वर्षं लागली.

आमचं गाव चिचगडच्या पुढे, जंगलाला लागून. घरची धानाची शेती नवरा आणि त्याचे मोठे भाऊ मिळून करतात. या मोठ्या दिरांना आमच्याकडे भासरे म्हणतात, आणि भासऱ्यांसमोर सुनेने खाटेवर बसायचं नाही, त्यांच्या अंगाला अंग लागू द्यायचं नाही, असे नियम मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाळत होते. नवऱ्याने पुढे एक जुनी पिकअप घेतली. धान निघालं की गावोगावचे कट्टे, म्हणजे पोती, भरून देवरी, आमगाव करत गोंदियाकडच्या राइस मिलला न्यायचे, उन्हाळ्यात मोहफूल, लग्नाच्या दिवसांत मंडपाचं सामान. त्याच्यासोबत त्याचा चुलतभाऊ किन्नर म्हणून जायचा. तो नागपूरला कंपनीत लागला आणि ऐन धानाच्या तोंडावर डावी सीट रिकामी झाली.

दुसऱ्या कुणाचं चाललं असतं किन्नरविना, माझ्या नवऱ्याचं चालत नाही. त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. लहानपणी कान फुटला, वाहत राहिला, कुणी लक्ष दिलं नाही, आणि एक दिवस तो कान गेला. डावीकडून कुणी हॉर्न दिला तर त्याला तो येतो कुठून हेच कळत नाही. त्याची डावी बाजू दुसऱ्या कुणीतरी सांभाळावी लागते.

दोन दिवस तो माणूस शोधत फिरला. तिसऱ्या दिवशी जेवायला बसला तेव्हा मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन म्हटलं, "मी येईन ना सोबत."

"तू? अन् घर?"

"घर कुठी पळून जाऊन राहिलं?"

तो हसला नाही. भात कालवत राहिला. मग म्हणाला, "दोर बांधता येते का तुले?"

"शिकवा."

त्याने शिकवलं. कट्ट्यांवरून ताडपत्री ओढून दोर हुकात अडकवायचा, पाय गाडीच्या मागच्या फाळक्याला लावून ताणायचा आणि सुटणार नाही अशी गाठ मारायची. सकाळी काच पुसायची, रेडिएटरमध्ये पाणी बघायचं, टायरवर दांडा मारून आवाजावरून हवा ओळखायची. गाडी मागे घेताना ओरडून उपयोग नव्हता, म्हणून पत्र्यावर थाप मारायची. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे. पुढे बसल्यावर डॅशबोर्डवर तसंच. पहिल्या आठवड्यात माझे तळहात सुजले. पण त्या आठवड्याच्या शेवटी आमगावच्या बाजारात, बैलबंड्या आणि मोटारसायकलींच्या मधून, मी एकही शब्द न बोलता गाडी बाहेर काढून दिली, आणि नवरा पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाला, "जमलं."

गावात मात्र कुणाला जमत नव्हतं. विहिरीवर बाया विचारायच्या, "काऊन वो, नवऱ्यावर भरवसा नाही का?" त्यांना वाटायचं मी पहारा द्यायला जाते. भासरे थेट माझ्याशी बोलत नसत. ते अंगणात उभे राहून नवऱ्याला म्हणाले, "बाई मानूस किन्नर साइडले बसते का? लोकं काय म्हणून राहिले, आयकतेस का?"

नवरा म्हणाला, "मले एकाच कानानं आयकू येते, दादा."

तो विनोद करत होता की खरं सांगत होता, मला अजून कळलेलं नाही.

त्या पहिल्या वर्षी एक गोष्ट मी निमूट करत असे, आणि ती मला आजही टोचते. वाटेत कुणी ओळखीचा पुरुष भेटला आणि त्याला बसायचं असलं की तो डाव्या दाराशी येऊन नुसता उभा राहायचा. काही म्हणायचा नाही. मी उतरायची, मागे जाऊन उघड्या डाल्यात कट्ट्यांवर बसायची. असंच एकदा भासऱ्यांना देवरीला जमिनीच्या कागदासाठी जायचं होतं. गाडी भरून तयार होती. ते आले, डाव्या दाराशी उभे राहिले. मी उतरले, पदर सावरला आणि मागे चढले.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या होत्या. एका वळणावर डावीकडच्या पायवाटेने मोटारसायकल वर आली. तिने हॉर्न दिला, दोनदा दिला, मी डाल्यातून ऐकला. मी पत्र्यावर थाप मारायला गेले, पण कट्ट्यांच्या ढिगावरून माझा हात केबिनपर्यंत धड पोचला नाही. नवऱ्याला ती दिसली तेव्हा ती अगदी चाकासमोर होती. त्याने गाडी उजवीकडे खेचली, आणि ती रस्ता सोडून बांधीत उतरली आणि कलली. कट्टे घसरले, कट्ट्यांबरोबर मी. मोटारसायकलवाल्याला खरचटलंही नाही. भासऱ्यांच्या कपाळाला टेंगूळ आलं. माझं डावं मनगट मोडलं.

देवरीच्या दवाखान्यात प्लास्टर होत असताना भासरे दाराशी उभे होते. नवऱ्याला सांगत होते, "हॉर्न आयकलो ना मी. मले वाटलं तूबी आयकला असशीन."

त्यांना ठाऊक होतं भावाचा एक कान गेलेला आहे. एकाच घरात वाढले दोघे. पण त्या सीटवर बसणं हे काम आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी ती मानाची जागा होती, पुरुषाने पुढे बसायची. मी तिथे पडल्या पडल्या ठरवलं. नवऱ्याला खुणेने उजवा कान माझ्याकडे करायला लावला आणि भासऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "आता त्या सीटवरून मी कोनासाठीच उठत नाही. तुमच्या दादासाठीबी नाही."

भासरे बाहेर निघून गेले. नवरा म्हणाला, "हात बरा होऊ दे आधी."

"हात होईल बरा. तुम्ही हो म्हना."

तो हो म्हणाला.

पुढचं भांडण राइस मिलच्या दारात झालं. मिलच्या फाटकावर एक बाबू बसायचा, वही घेऊन. गाडी नंबर, ड्रायव्हरचं नाव, किन्नरचं नाव लिहून दोघांनाच आत सोडायचा. बाकी सोबत आलेल्यांनी बाहेर कडुनिंबाखाली थांबायचं. पहिलं वर्षभर तो वहीत किन्नरच्या रकान्यात रेघ मारायचा आणि मला बाहेर थांबायला सांगायचा. आत गाडी मागे घेताना नवऱ्याच्या मदतीला तिथलाच एखादा हमाल यायचा, कधी कुणी यायचंच नाही. एकदा गाडीचा कोपरा भिंतीला घासला. प्लास्टर निघाल्यावर पहिल्याच फेरीला मी फाटकात उतरले आणि बाबूला म्हणाले, "रेघ नका मारू. माझं नाव लिहा."

"बाईचं नाव कुठे लिहू?"

"किन्नर लिहिलं आहे ना, तिथे."

"असा नियम नाही."

"मग नियम दाखवा."

त्याच्याकडे नियम नव्हता. फाटकावर रंगवलेला होता तो 'हॉर्न देना मना है' एवढाच. मागे तीन गाड्या लागल्या. ड्रायव्हर ओरडायला लागले. माझ्या नवऱ्याने इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली. तो तोंडाने भांडत नाही, पण ती किल्ली खिशात गेली तेव्हा मला दहा माणसं मागे उभी असल्यासारखं वाटलं.

बाबू म्हणाला, "तुम्हाला उन्हात फिरायची हौस कशाला? घरी बसा आरामात."

मी म्हणाले, "तुम्ही सावलीत बसून लिहिता. मी विचारलं का, तुम्हाला कशाची हौस आहे?"

शेवटी मागच्या गाडीचा एक सरदार ड्रायव्हर उतरून आला. "लिख दे भाई, लिखने में तेरा क्या जाता है," म्हणाला. बाबूने लिहिलं. पण लिहिताना तो शब्द मोठ्याने उच्चारला आणि आतल्या हमालांकडे बघून हसला. गोंदिया शहर हिंदी बोलतं, आणि हिंदीत किन्नर म्हटलं की लोकांना वेगळंच काही ऐकू येतं. धान उतरवून आम्ही बाहेरच्या टपरीवर चहाला गेलो तोवर गोष्ट तिथे पोचली होती. नवरा टायर बघायला गाडीकडे गेला होता. बाकावर बसलेला एक हमाल दुसऱ्याला म्हणाला, "देखो, मिल में किन्नर आई है." सगळे हसले.

त्याच टपरीच्या दुसऱ्या बाकावर एक तृतीयपंथी बाई चहा पीत होती. हिरवी साडी, पायात चांगल्या जाड तळव्याच्या चपला, कारण तिला दिवसभर दुकानं फिरायची असायची. मी तिला त्या भागात आधीही बघितलं होतं. खरं सांगते, तेव्हा मी पदर ओढून दुसरीकडे बघायची. तिने ग्लास खाली ठेवला.

"कौन बोला?"

ती उठून माझ्या बाकावर येऊन बसली. "तेरे को बोला क्या?"

मी म्हणाले, "हो. मैं गाडी की किन्नर है. ड्रायव्हर के बाजू में बैठती. हमारे उधर उसको किन्नरच बोलते."

माझ्या हिंदीवर ती हसली नाही. थोडा विचार केला. "मेरे को पूरी दुनिया बोलती है ये नाम," ती म्हणाली, "पर गाड़ी किसी ने नहीं दी."

आता मला हसू आलं. ती मात्र गंभीर होती. "सुन, मेरा नाम लेके तेरे को गाली दी, मतलब गाली मेरे को भी लगी. मैं तो अपना नाम छोड़ के कहाँ जाऊँ? तू भी मत छोड़." मग ती हमालाकडे वळली. "अब दोनों इधर बैठे हैं. बोल, किसको बोल रहा था?"

हमाल उठला, आणि टपरीवाल्याला काहीतरी सांगत असल्यासारखं करून आत गेला. तिने तिचा चहा संपवला, मी माझा. जाताना तिने माझ्या मनगटाकडे बघून विचारलं, "टूटा था?" मी हो म्हणाले. "जुड़ गया," ती म्हणाली आणि बाजाराच्या दिशेने चालत गेली. त्यानंतर ती मला कितीतरी वेळा भेटली. आता मी दुसरीकडे बघत नाही.

परत येताना वाटभर तो शब्द माझ्या डोक्यात होता. आमच्या गावात शाळेवरून निवृत्त झालेले गुरुजी आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, किन्नर म्हणजे काय. ते खूश झाले. त्यांना आजकाल कुणी काही विचारत नाही. म्हणाले, किन्नर म्हणजे स्वर्गात गाणारे. तोंड घोड्याचं, अंग माणसाचं. मी म्हटलं, असं नाव का पडलं? त्यांनी शब्द फोडून दाखवला. किम् म्हणजे काय, नर म्हणजे माणूस. "म्हणजे ज्याला बघून लोकं विचारत, हा काय माणूस म्हणायचा का?"

इतका जुना शब्द, आणि त्याच्या पोटात तोच प्रश्न, जो बाबूच्या तोंडावर होता, हमालाच्या होता, विहिरीवरच्या बायांच्याही होता. ही काय म्हणायची?

दोन दिवसांनी घरी मुलीला सांगितलं. ती तेव्हा देवरीला सातवीत होती. ती म्हणाली, "आई, काही घोडा नाही अन् स्वर्ग नाही. इंग्रजी शब्द आहे, क्लीनर. साफ करणारा. ड्रायव्हर लोकांच्या तोंडात बसला नाही, तर किन्नर केला त्यांनी."

"साफ करनारा?"

"हो. गाडी पुसणारा."

मला आधी जरा वाईट वाटलं. दोन दिवस मी स्वर्गातली होते. मग विचार केला, बरोबरच आहे. रोज सकाळी काच कोण पुसतं? मीच. गाडीवाल्या लोकांनी साहेबाचा शब्द उचलला, आपल्या जिभेने घासला, आणि तो कुणाला न विचारता दुसऱ्या एका जुन्या शब्दाच्या जागेवर जाऊन बसला. आता तो उठायला तयार नाही. असा शब्द मला आवडला.

पुढच्या फेरीला बाबूला हे सगळं सांगायचं मी मनात ठरवलं होतं. पण त्याने मान वर न करता विचारलं, "ड्रायव्हर तोच? किन्नर तीच?" आणि लिहिलं. मी त्याला काही सांगितलं नाही. आत जाऊन गाडी मागे घ्यायला थापा देऊ लागले.

भासऱ्यांचं मात्र बाकी होतं. अपघातानंतर ते आमच्या गाडीत बसलेच नव्हते. दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे फार दुखायला लागले आणि गोंदियाच्या दवाखान्यात जायचं ठरलं. त्या दिवशी बस चुकली. आमची गाडी धान घेऊन निघत होती. ते काठी टेकत आले आणि डाव्या दाराशी उभे राहिले. जसे पूर्वी राहायचे तसे.

मी सीटवर होते. मी उतरले नाही. दार उघडलं आणि म्हणाले, "भाऊजी, मधात बसा. जागा आहे."

लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी सरळ बोललेलं ते पहिलं वाक्य असावं. मध्ये गिअरजवळ एक माणूस मावतो. पण मध्ये बसायचं तर माझ्या अंगावरून चढावं लागणार, आणि माझ्या खांद्याला खांदा लावून गोंदियापर्यंत जावं लागणार. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने समोर काचेकडे बघितलं.

"उतरत नाही का हे?" ते नवऱ्याला म्हणाले.

मीच उत्तर दिलं. "नाही जी. माझं काम आहे इथी. तुमचे गुडघे दुखून राहिले, मले समजते. मी तुम्हाले हात देतो, मधात बसा."

म्हाताऱ्या माणसाला दारात उभं ठेवताना मला बरं वाटत नव्हतं. उठावं असं दोनदा मनात आलं. पण मी उठले असते तर मनगट मोडलं ते फुकट गेलं असतं, असंही आलं. मी हात पुढे केला.

त्यांनी हात घेतला नाही. ते मागे गेले. नवऱ्याने उतरून त्यांना डाल्यात चढवलं, कट्ट्यांना टेकून नीट बसवलं, वर ताडपत्रीचा कोपरा ओढून सावली केली. देवरीला चहासाठी थांबलो तेव्हा मी चहा घेऊन मागे गेले. भासऱ्यांच्या डोक्यावर, मिशांवर धानाचा भुसा होता. त्यांनी ग्लास घेतला. बराच वेळ फुंकर घालत राहिले.

"मांगं लय उसळते," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "मले मालूम आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग ग्लास माझ्या हातात दिला, काठी दिली, आणि खाली उतरायला नवऱ्याला हाक मारली. पुढे आले, माझ्या हाताचा आधार घेतला आणि मध्ये जाऊन बसले. आमगाव येईपर्यंत ते अंग चोरून बसले होते. नंतर रस्ता खराब लागला आणि चोरायला जागा उरली नाही. गोंदियाच्या अलीकडे डावीकडून एक ट्रॅक्टर येत होता. मी थाप मारायच्या आधी त्यांनीच नवऱ्याच्या मांडीवर चापट मारली. मी म्हणाले, "भाऊजी, ते माझं काम." त्यांनी हात आपल्या मांडीखाली घेतला.

त्यांनी माफी मागितली नाही, मीही मागितली नाही. गावात ते अजूनही सांगतात की सून ऐकत नाही. सांगू देत.

आता लोक मला वेगळंच विचारतात. मुलगी विचारते, बचत गटातल्या बाया विचारतात, एकदा बँकेतल्या मॅडमनीही विचारलं: इतकी वर्षं गाडीत बसता, मग स्टेअरिंग का नाही शिकत? बाई ड्रायव्हर झाली तर किती छान. मी शिकूनही बघितलं. बिरसीच्या विमानतळाच्या बाजूला रस्ता रुंद आणि रिकामा आहे, वरून शिकाऊ विमानं घिरट्या घालत असतात. तिथे नवऱ्याने मला उजव्या सीटवर बसवलं आणि मी सरळ चार किलोमीटर गाडी नेली. बंद पडली नाही, कुठे घासली नाही. नवरा माझ्या सीटवर बसला होता आणि त्याला काय करायचं ते कळत नव्हतं. आरशात बघेना, बाजूला बघेना, हात मांडीवर ठेवून पाहुण्यासारखा बसला होता. मी गाडी बाजूला घेतली आणि उतरले.

"काऊन?" त्याने विचारलं. "येते ना तुले."

"येते. पन मले हे काम नाही पाहिजे."

लोकांना वाटतं, उजवी सीट मिळाली की बाईची गोष्ट पूर्ण होते, आणि तोवर ती अर्धीच असते. मला ते मान्य नाही. डावी सीट मला कुणी उरलीसुरली म्हणून दिलेली नाही. मी भांडून घेतली आणि हात मोडून घेतली. आणि तिथलं काम मला आमच्या जिल्ह्यातल्या बऱ्याच पुरुषांपेक्षा चांगलं येतं. मुलीला परवा कॉलेजच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय लिहायचा होता. तिने गृहिणी लिहिलं होतं. मी म्हटलं, खोड. तिने विचारलं, क्लीनर लिहू की किन्नर? मी म्हटलं, तुला शुद्धलेखन जे येत असेल ते लिही, पण काम खरं लिही.